मागच्या प्लॉटवरचं रान

डॉक्टरांनी तगमास्तरांचा गुडघा दोन्ही हातांत धरला, एकदा डावीकडे वळवला, एकदा उजवीकडे, आणि म्हणाले, "सहा महिने डोंगर बंद. सपाटीवर फिरा."

ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं! आपल्यातले बहुतेक जण जन्मभर सपाटीवरच फिरतात आणि कोणाचं काही अडत नाही. पण तगमास्तरांचं पोट डोंगरावर होतं. रानात अडकलात तर जिवंत कसं राहायचं, हे शिकवणं हा त्यांचा धंदा. पाणी कुठे शोधायचं, आगपेटी नसताना विस्तव कसा करायचा, कुठला पाला खायचा आणि कुठला नुसता लांबून बघायचा, असं सगळं. सव्वीस वर्षं ते चांगल्या खात्यापित्या घरातली माणसं रानात नेत, त्यांना उपाशी ठेवत आणि जिवंत परत आणत. प्रमाणपत्रावर 'तग धरण्याचे प्रशिक्षक' असं लिहिलेलं होतं. ते कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून इमारतीतल्या कोणीतरी त्याचं तगमास्तर करून टाकलं, आणि आता लिफ्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारतो.

तर हे प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करावं लागे, आणि नेमकी याच महिन्यात त्याची मुदत संपत होती. त्यांच्या मंडळाचा नियम अठरा असा, की महिनाअखेरच्या आत निदान दहा शिकाऊंचा, सलग बारा तासांचा मैदानी वर्ग निरीक्षकासमोर घ्यायचा. मध्ये बाहेरची मदत घेतली किंवा एकही शिकाऊ वेळेआधी बाहेर पडला, तर वर्ग बाद. आणि वर्ग बाद झाला की प्रमाणपत्र रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून लेखी परीक्षा.

"मग बसा की परीक्षेला," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"मी? परीक्षेला?" तगमास्तर दुखरा गुडघा विसरून उभे राहिले आणि आठवण होऊन खाली बसले. "अगं, दहा वर्षं त्या परीक्षेचे पेपर मी तपासलेत! आता त्या विशीतल्या पोरांच्या बाकावर बसून पुरवणी मागू?"

नेमके तेव्हा सासरे आले. हे सासरे वरच्याच मजल्यावर राहत. निवृत्त हेडक्लार्क. चाळीस वर्षं त्यांच्या टेबलावरून एक कागद चुकीचा पुढे गेला नाही, आणि बरोबर असलेलेही फारसे गेले नाहीत असं म्हणतात. आपण वर्तमानपत्र वाचतो तसे ते नियम वाचत, चवीनं आणि चहाबरोबर. जावयाचा धंदा हा त्यांच्या मनाला लागलेला घोर होता. लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, "हे काम कायम आहे की हंगामी?" आणि समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नव्हतं. ओळखीपाळखीत ते "जावई वनखात्यात असतात" असं सांगून मोकळे होत.

त्यांनी नियमांची पुस्तिका घेतली, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. "यात डोंगर कुठे म्हटलंय, जावईबापू? 'ज्या मोकळ्या भूभागात राहतं घर, नळ वा वीज नाही, त्यास रान समजावे.'" मग मागच्या गॅलरीकडे बोट केलं. "मग हे काय आहे?"

मागे एक रिकामा प्लॉट होता. दोन भावांमध्ये कोर्टात अडकलेला. अठरा वर्षांत तिथे कंबरभर गवत, काटेरी झुडपं आणि दोन मोठी झाडं वाढली होती. तगमास्तर रोज सकाळी दात घासताना तिकडे बघत आले होते, पण घराला लागून असलेल्या रानाला रान म्हणायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. आता सुचलं, आणि तिथून पुढे त्यांचे हाल सुरू झाले.

पहिली गोष्ट, जागेच्या मालकांची परवानगी. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोन वेगळे अर्ज. मोठा म्हणाला, खुशाल वर्ग घ्या, फक्त खड्डेबिड्डे खणाल ते धाकट्याच्या बाजूला खणा. धाकट्यानं तीच अट उलटी घातली. मग विस्तवाची परवानगी. अग्निशमन केंद्रातला बाबू फॉर्म भरत होता.

"आग कुठल्या मजल्यावर लावणार?"

"मजला नाही. मोकळी जागा आहे."

"म्हणजे तळमजला. बाहेर पडायचे मार्ग किती?"

"तीन बाजूंनी मोकळंच आहे हो."

"रकान्यात दोनच मावतात," बाबू म्हणाला आणि त्यानं दोन लिहिले. शिवाय जिन्यात बादलीभर वाळू ठेवण्याची अट घातली. जिना नसल्यामुळे ती वाळू तगमास्तरांनी घराच्या जिन्यात ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांनी तिच्यात पाय घातला.

झोपडीची कथा तर सांगायलाच नको, पण सांगतो. तगमास्तरांनी रविवारी नमुना म्हणून फांद्या आणि पाला रचून एक आडोसा उभा केला. आत गेलेल्या कुत्र्याला वळून बाहेर यायला विचार करावा लागेल, एवढाच तो होता. मंगळवारी पालिकेचा माणूस टेप घेऊन आला, त्यानं लांबी-रुंदी मोजली आणि आडोशावर नोटीस टाचली: विनापरवाना बांधकाम, सात दिवसांत खुलासा करावा. उपयोग निवासी की व्यापारी, तेही कळवावं. आता मात्र सासऱ्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. त्यातलं "सदर बांधकाम वाऱ्याने पडल्यास अर्जदाराची हरकत नाही" हे वाक्य त्यांनी सगळ्या इमारतीला वाचून दाखवलं. पालिकाही गडबडली आणि तिनं 'जैसे थे'चा आदेश काढला. म्हणजे तो आडोसा आता पाडताही येईना, दुरुस्तही करता येईना आणि त्यात कोणाला बसताही येईना. स्वतः रचलेल्या पाल्याला हात लावायची तगमास्तरांना चोरी झाली.

इमारतीतले लोक सल्ले द्यायला टपलेलेच होते. सचिव म्हणाले, आडोशाला खिडकी ठेवा, हवा खेळती राहील. तिसऱ्या मजल्यावरचे व्यायामशाळेवाले म्हणाले, उपाशी ठेवण्याऐवजी दर दोन तासांनी उकडलेली अंडी द्या. पहिल्या मजल्यावरच्या मावशींचं म्हणणं असं, की जिवंत राहायचं तर घरी राहावं, त्यासाठी वर्ग कशाला? तरीपण हौसेनं नावं आली. व्यायामशाळेवाले, निवृत्त भूगोलाच्या बाई, दातांचे डॉक्टर, विमा एजंट आणि त्याची बायको, लक्ष ठेवायला म्हणून सचिव, आणि असे मिळून दहा. पण आदल्या संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला, उद्या एका माणसाची अक्कलदाढ आहे, जमणार नाही. राहिले नऊ. आणि महिना संपायला दोनच दिवस उरलेले.

तगमास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. बायकोनं विचारलं, "अहो, मी येऊ का?" तर नियमात 'प्रशिक्षकाच्या घरात राहणारी व्यक्ती चालणार नाही' असं होतं.

"मी वरच्या मजल्यावर राहतो," सासरे म्हणाले. "माझं नाव लिहा."

"बाबा, तुम्ही? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? आणि तुमची साखर?"

"वयाला वरची मर्यादा दिलेली नाही. साखर नियंत्रणात आहे, तसं फॉर्मवर लिहितो. सव्वीस वर्षं तुम्ही नक्की काय करता, ते एकदा बघू तरी."

तगमास्तरांनी त्यांना दोनदा बजावलं, नाश्ता करूनच या आणि पोटात काही नसेल तर गोळी घेऊ नका. सासऱ्यांनी मान डोलावली.

सकाळी सहाला हजेरी झाली. निरीक्षक म्हणून जो आला तो तगमास्तरांचाच जुना शिष्य निघाला. बारा वर्षांपूर्वी पायाला जळू लागली म्हणून हा आईला हाका मारत रडला होता. आता कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. "सर, आशीर्वाद असू द्या," असं म्हणून त्यानं पॅडवर वेळ टाकली. प्लॉटच्या तीन बाजूंना दोरी बांधलेली होती, चौथ्या बाजूला बुटकी कुंपणभिंत. दोरीच्या आत रान, बाहेर जग. आणि वरती पाच मजल्यांच्या गॅलऱ्यांत चहाचे कप घेऊन बाकीची इमारत.

पहिले चार तास बरे गेले. आठला व्यायामशाळेवाल्यांनी एकदा "नाश्त्याचं कसं?" असं विचारलं तेवढंच. दहाच्या सुमाराला वरून दोरीला बांधलेली टोपली हळूहळू खाली आली. आत थर्मास आणि बिस्किटांचा पुडा.

"मावशी!" तगमास्तर मान वर करून ओरडले. "वर घ्या ती! बाहेरची मदत घेतली तर वर्ग बाद होईल! रानात टोपली येत नाही!"

"रानात मी पण नसते," मावशी म्हणाल्या. पण टोपली वर गेली. दहाही जणांनी तिला नजरेनं पहिल्या मजल्यापर्यंत पोचवलं. तगमास्तरांनी मग भुकेवर ताबा या विषयावर अर्धा तास चांगलंच ठणकावून भाषण दिलं, आणि गॅलऱ्यांतूनही टाळ्या पडल्या.

अकराला शिट्टीचा धडा. "तीन शिट्ट्या म्हणजे कोणीतरी संकटात आहे," तगमास्तर म्हणाले. "हातातलं काम टाकायचं आणि आवाजाच्या दिशेनं निघायचं. विचार करत बसायचं नाही." शिकाऊ फार गुणी निघाले. कारण त्याच वेळी पुढच्या फाटकात फर्निचरचा ट्रक मागे घेताना वॉचमननं तीनदा शिट्टी वाजवली, आणि नऊच्या नऊ जण हातातल्या काटक्या टाकून भिंतीकडे सुटले. मागून तगमास्तर, एका पायावर, "अहो थांबा! तो वॉचमन आहे!" असं ओरडत. एकही जण बाहेर पडला असता तर सगळं मुसळ केरात. भूगोलाच्या बाईंनी वाचवलं. आवाज नैर्ऋत्येकडून आला की दक्षिणेकडून, यावर त्यांनी सगळ्यांना भिंतीपाशी थांबवून धरलं. फक्त विमा एजंट भिंतीवर चढून बसला होता, एक पाय आत आणि एक बाहेर.

निरीक्षकानं पेन उघडलं. "सर, हे बाहेर गेले असं धरावं लागेल."

"कुठल्या नियमानं?" जागेवरून न हलता सासऱ्यांनी विचारलं. तेवढे एकटेच धावले नव्हते. "पुस्तिकेत 'शिकाऊ बाहेर पडल्यास' असं आहे. एक पाय म्हणजे शिकाऊ नव्हे. शिवाय नियम अठराला स्पष्टीकरण दोन आहे, शंका असल्यास फायदा शिकाऊला. वाचा."

निरीक्षकानं वाचलं. विमा एजंटाला उचलून आत घेण्यात आलं. तगमास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना भरून आल्यासारखं झालं. सासरे म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? काटक्या मोजा, तीन कमी आहेत."

दुपार सरली. विस्तव झाला. तोही भावांच्या अटींमुळे बरोबर मधल्या रेषेवर. भूगोलाच्या बाईंनी सकाळीच दव गोळा करून वाटीभर पाणी केलं होतं, ते दहा जणांनी चमच्यानं घेतलं. सचिवांनी तर जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि गॅलरीतल्या बायकोला दाखवली. साडेपाच वाजायला आले तशी तगमास्तरांच्या चेहऱ्यावर रया आली. इतक्या वर्षांत कितीतरी रानं झाली, पण घराच्या मागच्या या रानानं त्यांना जेवढं रडवलं तेवढं कोणी रडवलं नव्हतं. आणि आता ते जिंकत होते.

पाच चाळीसला निरीक्षक पुढे आला, घसा साफ करून म्हणाला, "नियम सतराप्रमाणे आता शेवटची वीस मिनिटं राहिली."

तगमास्तर वाट बघत राहिले. नियम अठरा होता, सतरा नव्हे. आत्ता मागून "अठरा" असा आवाज येणार. एक क्षण गेला, दोन गेले. आवाज आला नाही.

ते वळले. सासरे झाडाला टेकून बसले होते. अंगात स्वेटर होता आणि त्याचं बटण लावायचा प्रयत्न चालला होता. बटण काजाच्या शेजारी, पुन्हा शेजारी, पुन्हा शेजारी. कपाळावर घाम होता, आणि हवा तर गार.

"बाबा, तो सतरा म्हणाला," तगमास्तर म्हणाले.

"हो... बरोबर आहे," सासरे हळू म्हणाले.

 हा माणूस चुकीच्या नियमाला बरोबर म्हणाला, म्हणजे काहीतरी फार मोठं बिघडलं होतं. त्यांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली. ग्लुकोजचं पाकीट होतं, पण चपटं, कोपरा फाडलेलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. व्यायामशाळेवाले आभाळाकडे बघू लागले. "मला वाटलं नमुना आहे," ते म्हणाले.

"बाबा, सकाळी नाश्ता केला होतात ना?"

"नाश्ता होईपर्यंत... सहाला तीन कमी. उशिरा हजेरी नको म्हणून..."

"आणि गोळी?"

"घेतली. सकाळची आणि दुपारची. कागदावर वेळ लिहिलेली आहे."

अन्न नाही, पण औषध वेळेवर. चाळीस वर्षांच्या वक्तशीरपणानं माणसाला कुठे आणून ठेवलं बघा! तगमास्तर सरळ उभे राहिले आणि पाच मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मावशी! साखर! खाली सोडा, लवकर!"

"सकाळी तर म्हणालात रानात टोपली येत नाही," असं म्हणेपर्यंत मावशींची टोपली निम्म्यावर आलीही होती. आणि मग काय! दिवसभर मदत करायला हात शिवशिवत असलेली ती इमारत. तिला पहिल्यांदाच परवानगी मिळाली होती. पाचही मजल्यांवरून टोपल्या, पिशव्या, एक बादली, एक डबा दोरीनं खाली यायला लागला. साखर, गूळ, सरबत, केळी, मुरंबा, आणि चौथ्या मजल्यावरून का कोण जाणे, एक उशी.

सासऱ्यांनी तगमास्तरांचा हात धरला. "जावईबापू, वीस मिनिटं राहिलीत. मी बसतो. वर्ग जाईल."

"जाऊ दे."

"नियम..."

"आ करा म्हणतो ना!" तगमास्तर ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते सासऱ्यांवर ओरडले. सासऱ्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. साखरपाणी पोटात गेलं, मग केळं, मग आणखी साखरपाणी. पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले आणि म्हणाले, "सतरा नव्हे. अठरा." तगमास्तरांनी तोंड फिरवलं आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. अगदी सगळ्या इमारतीसमोर.

निरीक्षक जवळ आला. पॅड छातीशी धरलेलं. "सर," तो हळूच म्हणाला, "माझं घड्याळ कधीकधी पुढेमागे होतं. अजून मी काही लिहिलेलं नाही."

"माझं होत नाही," तगमास्तर म्हणाले. "पाच चाळीसला मदत मागवली, असं लिही."

त्यानं लिहिलं. लिहिताना नाक ओढत होता. जळूच्या वेळी रडला होता तसाच.

पुढच्या महिन्यात सासऱ्यांनी मंडळाकडे तीन अपिलं केली. तिसऱ्याला उत्तर आलं: "आपल्या भावना मंडळास पोचल्या. परीक्षा रविवारी आहे." झालं. रविवारी एका कॉलेजात तगमास्तर हॉलतिकीट घेऊन गेले. वर्गात शिरताच सगळी पोरं उभी राहिली, पर्यवेक्षक आले म्हणून. एकानं विचारलं, "सर, पेपर कधी वाटणार?" तगमास्तरांनी शेवटच्या बाकाखाली गुडघा कसाबसा घातला आणि मान खाली घालून बसले. बाहेर आवारात पोरांचे आईबाप थर्मास घेऊन उभे होते. त्यांच्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे, हातात थर्मास आणि खिशात केळं. एका बाईंनी विचारलं, "तुमचं कोण आत आहे?" "जावई," सासरे म्हणाले. "रानात जिवंत राहायला शिकवतात. मी त्यांचा विद्यार्थी."

तीन तासांनी तगमास्तर लंगडत बाहेर आले. सासऱ्यांनी आधी प्रश्नपत्रिका मागितली, चष्मा पुसला आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवत खाली आले. सातव्यावर बोट थांबलं. "वर्ग संपण्यास थोडा वेळ उरला असता एखाद्या शिकाऊस घाम, हातांची थरथर व बोलण्यात मंदपणा दिसल्यास प्रशिक्षकाने काय करावे?"

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"वर्ग तिथल्या तिथे थांबवावा. मदत मागवावी. साखर द्यावी."

सासऱ्यांनी सातवा प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "किती गुणांना?"

"पाच."

"पाच?" त्यांचा आवाज चढला. "आणि आगपेटीशिवाय विस्तव?"

"दहा."

"म्हणजे काटकी पेटली तर दहा, आणि मी वाचलो तर पाच?"

"बाबा, जाऊ द्या. माझं उत्तर बरोबर आहे."

"तुमचं बरोबर आहे हो! मंडळाचं चुकलंय. निदान पंधरा हवेत. याची दाद मागितली पाहिजे." त्यांनी थर्मास तगमास्तरांच्या हातात दिला, सदरा नीट केला आणि तरातरा जाऊन परीक्षाप्रमुखांचं दार ठोठावलं.

दार किलकिलं झालं. "पालकांना आत परवानगी नाही," आतून आवाज आला. "आपण कोण?"

"मी," सासरे म्हणाले, "प्रश्न सातवा."